ताजच्या समोरचं पाणी आणि माझी पोस्टकार्डं

समुद्राकाठच्या जुन्या हॉटेलांची पोस्टकार्डं जमवते असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला जातात?" आणि मी खरं उत्तर दिलं की त्याचा इंटरेस्ट तिथेच संपतो, कारण मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचं शंभर वर्षांपूर्वीचं साधं छापील कार्ड अजूनही हजार रुपयांच्या आत मिळून जातं. ताजची कार्डं छापलीच इतकी गेली की काही विचारू नका. बोटीने मुंबईत उतरायचं, दोन दिवस राहायचं, मग रेल्वेने पुढे, आणि निघायच्या आधी घरी एक कार्ड टाकायचं, ही त्या काळच्या साहेबलोकांची रीतच होती, आणि मुंबईचं चित्र म्हणजे ताज नाहीतर व्हिक्टोरिया टर्मिनस. त्यामुळे पैसे कमवायला कोणी या नादाला लागत असेल तर आत्ताच सांगते, लागू नका.

माझी सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारात झाली. माहेरी गेले की रविवारी भावाबरोबर तिकडे चक्कर असायचीच, तो जुन्या लेन्सा बघत बसायचा आणि मी नुसतीच फिरायचे, पितळी डबे, फुटके रेडिओ वगैरे. एका माणसाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कार्डं उभी लावून ठेवलेली, काश्मीर, सिमला, कुठली कुठली चर्चेस, आणि मधेच ताज. आता मी वर्षानुवर्षं फोर्टात बँकेत नोकरीला, लंच टाइमला जमेल तेव्हा गेटवेपर्यंत चालत जाणार, त्यामुळे कार्ड हातात घेतल्याबरोबर काहीतरी विचित्र वाटलं पण काय ते कळेना, मधला घुमट जागेवर, कोपऱ्यावरचे छोटे घुमट जागेवर, आणि मग लक्षात आलं की अरे, पाणी किती जवळ आहे. गेटवे नाही, तो समोरचा फरसबंदी चौक नाही, काही नाही, रस्ता आणि लगेच समुद्र. भाऊ म्हणाला, "अगं गेटवे नंतरचा ना!" तसं शाळेत वाचलेलं होतंच, पण वाचलेलं कधी असं समोर आलं नव्हतं. दीडशे रुपये सांगितले होते, शंभराला घेतलं.

मग घरी येऊन शोधाशोध. ताज उघडलं 16 डिसेंबर 1903 ला. गेटवेचं काम त्याच्या बरंच नंतरचं, म्हणजे ज्या पंचम जॉर्जच्या नावाने तो बांधला तो डिसेंबर 1911 मध्ये अपोलो बंदरावर उतरला तेव्हा गेटवेचा पत्ता नव्हता, तात्पुरत्या मंडपावर भागवलं होतं. आर्किटेक्ट जॉर्ज विटेटचं डिझाइन 1914 मध्ये पास झालं, 1915 ते 1919 समुद्रात भराव आणि नवी भिंत, 1920 पर्यंत पाया, आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924. एवढं टाइमटेबल पाठ झालं की ताजचं कुठलंही कार्ड घेऊन बसा, हॉटेलकडे बघायचंच नाही, हॉटेल काही बदलत नाही, कडेकडेने बघायचं. पाणी रस्त्याला लागून असेल तर फोटो भरावाच्या आधीचा. गाड्या बघायच्या, नुसत्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया आहेत की मोटारी लागल्यात. आणि ताजच्या शेजारी, गेटवेच्या बाजूला, एक वेगळीच इमारत दिसते ती ग्रीन्स हॉटेल, ते नंतर ताजनेच घेतलं आणि पुढे पाडून तिथे आताचा टॉवर उभा राहिला. पन्नाशीच्या आतल्या किती मुंबईकरांना ग्रीन्स माहीत असेल देव जाणे, मला तरी कार्डं जमवायला लागेपर्यंत नव्हतं.

रंगीत कार्डांची तर फारच मजा आहे, म्हणजे नंतरची, चकचकीत, साठ-सत्तरच्या दशकातली. गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला 26 जानेवारी 1961 ला आणि टॉवर आला 1973 च्या सुमारास. म्हणजे महाराज आहेत पण टॉवर नाही असं कार्ड सापडलं की फोटो त्या दहा-बारा वर्षांतला, डोळे झाकून. ही कार्डं कोणी जुनी म्हणून मोजतच नाही, डीलर लोक तर फुकटात टाकतात दुसऱ्या खरेदीवर, पण मला विचाराल तर पुढच्या वीस वर्षांत हीच मिळेनाशी होणार आहेत कारण ती कोणी जपून ठेवत नाहीये.

पण नुसतं चित्र बघून वय काढणं पुरत नाही हे मला एका तिकीटवाल्या काकांनी शिकवलं. म्हणजे पोस्टाच्या तिकिटांचे संग्राहक, महापेक्स या तिकिटांच्या प्रदर्शनात ओळख झाली, एडवर्ड सातवा या एकाच राजावर त्यांचे अल्बमच्या अल्बम आहेत. त्यांनी माझं ते पहिलं कार्ड उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हे बघ, फोटो काढला कधी, कार्ड छापलं कधी आणि पोस्टात टाकलं कधी, या तीन वेगळ्या गोष्टी, तुम्ही चित्रवाले तिन्ही एकच धरता." आणि खरंच आहे, दुकानदाराकडे जुना साठा पडलेला असायचा, प्रकाशक तोच छपाईचा ब्लॉक वर्षानुवर्षं वापरायचे, त्यामुळे गेटवे होऊन बसला तरी बिनगेटवेचं कार्ड खुशाल विकलं जायचं, आणि घेणारा जहाजावरून उतरलेला परदेशी, त्याला काय फरक पडतो.

मागच्या बाजूचं शास्त्र मग मी त्यांच्याकडूनच शिकले. सुरुवातीला मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूलाच, आजूबाजूच्या पांढऱ्या पट्टीत, आणि पट्टी संपली की लोक सरळ आकाशात लिहायचे. मागे मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने 1902 ला दिली, मग फ्रान्स, जर्मनी, आणि अमेरिकेने 1907 ला. म्हणजे रेघ नसलेलं ताजचं कार्ड मिळालं तर ते हॉटेलच्या अगदी पहिल्या एक-दोन वर्षांतलं असायची शक्यता भरपूर, आणि अशाला डीलर बरोबर भाव लावतो. दुसरी खूण म्हणजे कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं सॅक्सनी किंवा जर्मनी. त्या वेळी चांगली रंगीत छपाई तिकडेच व्हायची, मुंबईच्या क्लिफ्टनसारख्या कंपन्यांची कार्डं आहेत, लंडनच्या टक कंपनीची ऑइलेट नावाची, तैलचित्रासारखी दिसणारी कार्डं आहेत, आणि बऱ्याच कार्डांचा प्रवास असा की फोटो मुंबईत काढला, छपाईला जर्मनीला गेला, कार्ड होऊन मुंबईला आला, आणि मग तिकीट लावून परत युरोपात. 1914 ला युद्ध सुरू झालं आणि तो धंदा बसला. आणि रंग भरणाऱ्यांनी मुंबई कधी बघितलेली नसणार, त्यामुळे माझ्याकडे हिरव्या घुमटाचं ताज आहे, निळ्या घुमटाचं आहे, आणि एकात समुद्र असा गुलाबी की सरबतच.

शिक्के वाचायला मात्र वेळ लागला. परदेशी कार्डाला एक आणा लागायचा, लाल रंगाचं एक आण्याचं एडवर्डचं तिकीट, 1911 नंतर तेच जॉर्जचं. देशातल्या देशात कार्ड पाव आण्यात जायचं, ते 1922 ला अर्धा आणा झालं. सगळ्यात मला आवडतो तो सी पोस्ट ऑफिसचा शिक्का. एडन ते मुंबई मेलबोटीवर टपाल खात्याचे लोक असायचे आणि ते बोट चालू असतानाच पत्रं गावोगाव लावून ठेवायचे म्हणजे मुंबईला उतरलं की लगेच गाडीत टाकता येईल, बोटीवर टाकलेल्या कार्डालाही तिथलाच शिक्का बसायचा. 1914 ला तेही बंद झालं. असं ताजचं कार्ड माझ्याकडे एकच आहे, आणि त्यातही शिक्का अर्धा उमटलेला. काका म्हणतात अर्धा म्हणजे काहीच नाही. तिकीटवाले असेच असतात, आणि त्यांच्यातल्याच कोणीकोणी कार्डावरून तिकीट भिजवून काढून घेतलेलं असतं, मागे नुसता फिकट चौकोन, त्यात अर्धा गोल शिक्का. अशी कार्डं बघितली की मला खरंच राग येतो.

चोर बाजार हे वेगळंच प्रकरण. मटन स्ट्रीटला जुने पोस्टर, नकाशे, कार्डं ठेवणारी दुकानं आहेत आणि तिथे मराठीत बोललं काय, हिंदीत बोललं काय, मॅडम बँकेतून आल्यात हे त्यांना चपलांवरून कळतं. पहिल्यांदा गेले तर एका दुकानदार चाचांनी एक सुंदर ताज काढून दिलं, सेपिया, कडा झिजलेल्या, "मॅडम, ये देखो, एकदम ओरिजिनल, अंग्रेज के टाइम का." मी पर्समधून ज्वेलरचं भिंग काढलं. अस्सल जुन्या फोटो-कार्डाला भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, तो खरा फोटोच असतो, फोटोच्या कागदावर धुतलेला, आणि काळ्या भागांत तिरकं धरलं की चांदीसारखी झाक मारते. कोलोटाइप म्हणजे काचेच्या पाटीवरून केलेली जुनी छपाई, तिला वाळूसारखा बारीक, वेडावाकडा दाणा. जुन्या हाफटोनला, म्हणजे ठिपक्यांनी चित्र उठवणाऱ्या छपाईला, ठिपके असतातच पण आताच्या डिजिटल छपाईचे ठिपके निळे-गुलाबी-पिवळे-काळे असे वेगळे ओळखू येतात, सेपिया रंगातसुद्धा. चाचांच्या कार्डात गुलाबी ठिपके होते. मी काही बोलले नाही, नुसतं भिंग त्यांच्याकडे दिलं, त्यांनीही बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ये टूरिस्ट का माल है, आप के लिये अंदर से निकालता हूँ." आतून निघालेल्या गठ्ठ्यात मात्र खरोखर चांगली कार्डं होती. तेव्हापासून ते बाहेरचं दाखवतच नाहीत.

अजून एक चाचणी म्हणजे यूव्ही टॉर्च. बँकेत नोटा त्या दिव्याखाली धरतो ना, तोच प्रकार. साधारण 1950 नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी केमिकल असतं, ते निळंपांढरं चमकतं, जुना कागद मख्ख राहतो. अंधाऱ्या खोलीत जाऊन बघावं लागतं, त्यामुळे बाजारात उपयोग नाही, पण घरी आलेलं पाकीट मी आधी बाथरूममध्ये लाइट बंद करून तपासते. नवऱ्याने याला बाथरूम लॅबोरेटरी नाव ठेवलंय.

याच गठ्ठ्यांत कधीकधी धुरंधरांची कार्डं येतात, म. वि. धुरंधर, कोल्हापूरचे, जे. जे. स्कूलवाले. त्यांनी मुंबईतल्या माणसांची, बायकांची चित्रं पोस्टकार्डांसाठी केलेली, इतकी जिवंत की हॉटेलं बाजूला ठेवून तीच जमवावीत असं वाटतं. त्यांचा भाव मला परवडत नाही. विषय संपला.

आता ऑनलाइन. डेलकँप आणि ईबे, दोन्हीकडे मी आहे, आणि खरी मेख अशी की मुंबईची चांगली कार्डं मुंबईत नाहीतच, ती इंग्लंडात, फ्रान्सात, जर्मनीत आहेत, कारण पाठवलेली तिकडे होती. आजीच्या माळ्यावरचा डबा निघतो, नातवंडं लॉट करून विकतात. म्हणून नुसतं ताज असं शोधून भागत नाही, फ्रेंचमध्ये इंडिया वेगळं लिहितात, जर्मनमध्ये कधी इंडियाच्या खाली न घालता आशियाच्या ढिगात टाकतात, आणि काही विकणाऱ्यांनी आग्र्याच्या ताजमहालातच घातलेलं असतं, तिथे तर मी मुद्दाम जाते, स्वस्तात मिळतं. फ्रेंच लोक तिकीट चित्राच्या बाजूला लावायचे, ताजच्या आकाशात मस्त लाल एक आणा आणि त्यावर काळा शिक्का, काहींना ते विद्रूप वाटतं, मला फार आवडतं. पोस्टेजच कार्डापेक्षा महाग पडतं म्हणून एकाच विकणाऱ्याकडून तीन-चार साठवून एकदम मागवते. कधी ड्युटी लागते, कधी नाही, त्यामागचं लॉजिक अजून मला उमगलेलं नाही. एक पाकीट निघालं आणि आलंच नाही, ट्रॅकिंग घेतलेलं नव्हतं, गेले पैसे. उलट दिशेला, म्हणजे इथून बाहेर, शंभर वर्षांच्या वरचं काही मी पाठवत नाही. 1972 चा अँटिक्विटीज कायदा आहे, त्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे, आणि चार पैशांच्या कार्डासाठी कोण ती भानगड करणार.

डोंबिवलीच्या पावसाळ्यात कागद टिकवणं हे या छंदातलं खरं काम आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. बाजारातले स्वस्त प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात, दोन-तीन वर्षांत चिकट होतात आणि फोटो-कार्डाचा चकचकीत भाग त्याला चिकटून बसतो. पॉलिएस्टरचे स्लीव्ह घ्यायचे, महाग आहेत पण घ्यायचेच. जून ते सप्टेंबर मी अल्बम उघडत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, पुड्यांचे मणी रंग बदलले की गरम करून परत टाकते. गणपती झाले, ऊन पडलं की एक-एक काढून बघायचं, कसर लागली का, तपकिरी ठिपके वाढलेत का. उन्हात मात्र ठेवायचं नाही, पापड नव्हेत ते. मागे काही लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, तेही फक्त कोपऱ्यात.

जमवणाऱ्यांत एक मोठा वाद आहे, कोरं चांगलं की लिहिलेलं. कोऱ्याला भाव जास्त, न वाकलेलं, न शिक्का बसलेलं. मी लिहिलेल्याच्या बाजूची आहे आणि याबाबतीत कोणाचं ऐकत नाही. कोऱ्या कार्डावर हॉटेल आहे, लिहिलेल्यावर हॉटेलात राहिलेला माणूस आहे. बरेचसे मजकूर अगदी रुटीन असतात, पोचलो, गरमी आहे, उद्या गाडी. पण खिडकीवर फुली मारलेली कार्डं मिळतात, ही माझी खोली म्हणून. ताजच्या माझ्या एका कार्डावर शाईची फुली आहे, तिसऱ्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला, आणि लिहिणाऱ्या बाईची तक्रार अशी की खोली छान आहे पण कावळे आत येतात. मी लंच टाइमला जाऊन ती खिडकी शोधली, सापडली. गार्डने दोनदा विचारलं काय पाहिजे म्हणून.

ताज उलटं बांधलं गेलं, म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, ही गोष्ट मला दर वेळी कोणीतरी ऐकवतं. कृपया बंद करा. मूळ आर्किटेक्ट सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा, वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच वारले, पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने केलं. आणि मुख्य दरवाजा मुळातच शहराच्या बाजूला होता, गाड्या तिकडूनच यायच्या, आता तिथे स्विमिंग पूल आहे. त्या बाजूची कार्डं आहेत, दोन पंखांच्या मधली बाग दाखवणारी, ती समुद्राच्या बाजूपेक्षा कितीतरी कमी सापडतात, आणि ती समोर ठेवली की वाद तिथल्या तिथे संपतो. पहिल्या महायुद्धात हॉटेलात 600 खाटांचं हॉस्पिटल होतं, त्या काळातलं कोणी सैनिकाने पाठवलेलं कार्ड मी शोधतेय. अजून नाही मिळालं.

ताजवरून बाकीच्या बंदरांकडे सरकणं ओघाने झालं, कारण तीच माणसं, त्याच बोटी. एकाच हस्ताक्षरातली कार्डं लॉटमध्ये येतात, मुंबईचं ताज, कोलंबोचं ग्रँड ओरिएंटल किंवा गॉल फेस, पेनांगचं ईस्टर्न अँड ओरिएंटल, सिंगापूरचं रॅफल्स. शेवटची दोन्ही सार्कीज भावांची, हे आर्मेनियन, रंगूनचं स्ट्रँडही त्यांचंच. रॅफल्स 1887 चं, आणि त्याच्या जुन्या कार्डांत बीच रोडच्या पलीकडे खराखुरा समुद्र आहे. पुढे भराव पडत गेला आणि आता हॉटेल आहे तिथेच आहे पण पाणी लांब गेलंय, रस्त्याचं नाव तेवढं बीच रोड उरलंय. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. गॉल फेस 1864 चं, ते मात्र अजून समुद्राला चिकटून. मुंबईच्याच जुन्या वॉटसन्स हॉटेलचं कार्ड मिळावं अशी फार इच्छा आहे, तो काळा घोड्याजवळचा लोखंडी सांगाडा, पण चित्र-कार्डांची लाट आली तेव्हा ताज उघडलं होतं आणि वॉटसन्सची चलती संपत आलेली, त्यामुळे कमीच.

सध्या कोलंबोच्या एका संग्राहकाशी अदलाबदल चालू आहे. त्यांच्याकडे गॉल फेसचं रेघ नसलेलं कार्ड जास्तीचं आहे, आणि त्यांना काय पाहिजे, तर ताजची साठच्या दशकातली रंगीत, महाराज आहेत आणि टॉवर नाही अशी, कारण त्यांचे वडील त्या सुमारास मुंबईला नोकरीला होते. माझ्याकडे तशी पाच-सहा पडून आहेत. मी एकाला दोन म्हटलं, ते तीन म्हणतायत, वर त्यांना एकात तरी डबल डेकर बस पाहिजे. बसवालं एकच आहे, ते मी देणार नाही. बहुतेक तीन साधी देऊन टाकीन.